दारावरची सूचना आणि दारामागची माणसे



२०२५ सालच्या दारफळणीच्या सणाआधी न्यूयॉर्कमधील आमच्या छोट्याशा प्रार्थनामंडळाची सभा भरली होती. हज्जान म्हणून कोणाला बोलवावे, उपास सोडताना चहा-सरबताचा खर्च कोणी उचलावा, असे नेहमीचे विषय आटोपले. तेवढ्यात एक तरुण सभासद उठून म्हणाला, "माझ्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे. मंडळाने मला रक्षक म्हणून नेमावे. मी पिस्तूल कोटाखाली ठेवून आपल्यातच प्रार्थनेला बसेन. कोणाला कळणारही नाही." खोलीत एकदम शांतता पसरली. हा तरुण आमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याने आमच्याकडे वळून विचारले, "मावशी, तू काय म्हणतेस?"

आम्ही सणानंतरपर्यंत मुदत मागून घेतली. सभेने ती दिली व मतदान पुढे ढकलले. त्या काळात जो विचार झाला तो येथे मांडीत आहोत; कारण हा प्रश्न आमच्या एका मंडळाचा नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबापुढे तो आज ना उद्या येणारच आहे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. अमेरिकेत शस्त्राविषयीचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी खास कारण दाखविल्याशिवाय पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळत नसे. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. त्यावर राज्याने नवा कायदा केला व तो १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आला. या कायद्याने परवाना असूनही शस्त्र नेता येणार नाही अशा जागांची एक यादीच ठरवून दिली. शाळा, रुग्णालये, वाचनालये, मुलांची क्रीडांगणे, मतदानकेंद्रे, आगगाड्या व बसगाड्या, मद्यालये, टाइम्स स्क्वेअर, आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे अशा अनेक जागा त्या यादीत आहेत. तेथे शस्त्र नेणे हा साधा दंडाचा नव्हे, तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पुढे २०२३ साली प्रार्थनास्थळांपुरती एक सवलत देण्यात आली: त्या स्थळाच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना मनाईतून वगळले गेले. आमच्या भाच्याचे बोलणे या सवलतीच्या आधाराने होते.

टेक्सासमध्ये याच्या उलट आहे. तेथे २०१९ पासून प्रार्थनास्थळाने स्वतःहून मनाईची सूचना दिली नसेल तर शस्त्र नेण्याची मोकळीक आहे. म्हणजे एकाच देशात एका ठिकाणी दार बंद आहे व उघडायचे असेल तर माणूस नेमावा लागतो. दुसऱ्या ठिकाणी दार उघडे आहे व बंद करायचे असेल तर पाटी लावावी लागते. टेक्सासहून लग्नाला येणाऱ्या पाहुण्याने हेही ध्यानात ठेवावे की, इतर राज्यांचा परवाना न्यूयॉर्क मानीत नाही. "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर न्यायाधीशापुढे चालत नाही.

आता मूळ प्रश्न. अशी मनाई न्यायाची आहे काय? तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेप भाच्यानेच बोलून दाखविला. "मावशी, खून करायला येणारा माणूस दारावरची पाटी वाचून परत जातो का? पाटी वाचतो तो भला माणूस. म्हणजे कायदा भल्याचे हात बांधतो." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शाबाथच्या प्रार्थनेच्या वेळी अकरा जणांची हत्या झाली. ती करणाऱ्याला कोणत्याही सूचनेने थांबविले नसते, हे आम्हांस मान्य आहे.

परंतु आमचे आयुष्य परिचारिकेच्या कामात गेले, आणि त्या कामाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. वॉर्डात एक कपाट असते. त्यात मॉर्फिन व तशीच इतर औषधे कुलपात ठेवलेली असतात. पाळी बदलताना दोन परिचारिकांनी मिळून ती मोजायची व दोघींनी सही करायची, असा नियम. मुंबईत शिकत असताना आम्हांस या नियमाचा राग येई. आम्ही काय चोर आहोत, असे वाटे. एकदा आमच्या सिस्टर म्हणाल्या, "हे कुलूप चोरासाठी नाही. चोर कपाट फोडील. हे कुलूप तुझ्यासाठी आहे. सलग तिसऱ्या रात्रपाळीला पहाटे चार वाजता तुझे डोळे मिटतात ना, तेव्हाच्या तुझ्यासाठी." मॉर्फिन प्राण वाचविते व प्राण घेते, म्हणून ते भल्या माणसाच्या खिशातसुद्धा मोकळे फिरू द्यायचे नाही.

शस्त्रमनाईचा कायदाही आम्हांस असाच दिसतो. त्याचा रोख खुन्यावर थोडा आणि आपणा साध्या माणसांवर अधिक आहे. भला माणूस बारा महिने चोवीस तास भला नसतो. तो थकतो, रागावतो, विसरतो, आजारी पडतो. एका रात्री रुग्णालयात एका सज्जन दुकानदाराला बेशुद्धीत आणले होते. मधुमेही माणूस, रक्तातली साखर उतरलेली. साखर उतरली की शांत माणूसही बरळतो, हात झटकतो, मारायला धावतो. त्याचा कोट काढताना त्यातून भरलेले पिस्तूल निघून खाटेवर पडले. शेजारच्या खाटेवर दम्याने आजारी असलेले सात वर्षांचे मूल टक लावून पाहत होते. काही अनर्थ झाला नाही. सकाळी शुद्धीवर आल्यावर तो बिचारा लाजून माफी मागत होता. त्याच्याजवळ परवाना होता, स्वभाव चांगला होता, हेतू निर्मळ होता. त्या रात्री शुद्ध तेवढी नव्हती. आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोललेच पाहिजे. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे घरात आणलेल्या शस्त्राचा धोका पुष्कळदा बाहेरच्या शत्रूला नसून घरातल्याच दुःखी माणसाला असतो.

आपला धर्म याविषयी काय सांगतो? रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याला घरधन्याने मारले तर त्याच्यावर रक्तदोष नाही, हे तोरात स्पष्ट आहे. आपला धर्म मुकाट्याने मरा असे सांगत नाही. पण तीच तोरा वेदीसाठी घडीव दगड घेऊ नका, कारण त्यास लोखंडी हत्यार लागले की ते अपवित्र होतात, असेही बजाविते. फिनहासाने मंडळीतून उठून हातात भाला घेतला, या वचनावरून तालमूदात ज्ञानी लोकांनी असा बोध काढला की, अभ्यासगृहात शस्त्र घेऊन शिरू नये. कारण तो मंडळीत बसला होता तेव्हा भाला त्याच्या हाती नव्हता. मिश्नात तर यावर वादच आहे. शाबाथला तलवार लटकवून बाहेर पडावे काय? रब्बी एलिएझर म्हणतात, तलवार हा पुरुषाचा अलंकार आहे. इतर ज्ञानी म्हणतात, ती शोभा नसून लाज आहे, आणि यशया संदेष्ट्याच्या त्या प्रसिद्ध भाकिताची आठवण देतात, ज्यात तलवारींचे नांगर होतात. त्या ज्ञानी लोकांचे शहाणपण पहा. तलवार कधीच लागणार नाही असे ते म्हणाले नाहीत. ती अंगावर मिरविण्याची वस्तू नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

आपल्या कोकणातल्या घरांतही ही समज होती, आणि ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. नागावला आमच्या आजोबांच्या वाडीत नारळ पाडायला गडी येत. कमरेच्या आकडीत कोयता असे. पाणी प्यायला आत येताना ते कोयता पडवीत ठेवूनच उंबरा ओलांडीत. त्यांना कोणी तसे सांगितलेले आम्ही ऐकले नाही. आपले पूर्वज शस्त्राला भ्याले असेही नाही. कंपनी सरकारच्या पलटणींत बेने इस्राएल शिपाई व अंमलदार पुष्कळ होते. १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे स्वतः लष्करी अंमलदार, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेले. शस्त्र काय करते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांच्या त्या सिनेगॉगचे नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार.

तरीही आम्ही एकांगी होऊ इच्छीत नाही. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमधील एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळात बंदूकधाऱ्याने दोघांना मारले. तिसऱ्याकडे वळण्याआधी तेथील सशस्त्र स्वयंसेवकाने काही सेकंदांत त्याला पाडले. ज्यांचे प्राण त्यामुळे वाचले त्यांना आमचे हे सारे विवेचन ऐकविण्याचे धाडस आम्हांस होणार नाही. इस्राएलमध्ये शिपाई खांद्याला रायफल अडकवून प्रार्थनेस बसतो, आणि त्याला कोणी हटकीत नाही. जेथे संकट रोजचे आहे तेथे नियमही तसाच असणार.

आमचा विचार असा अर्ध्यावर असतानाच सण आला. २ ऑक्टोबर २०२५ ची सकाळ. प्रार्थनेच्या दारावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायाकडून बातमी कानी आली: इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला. आतल्या माणसांनी दार लावून धरले व हल्लेखोराला आत येऊ दिले नाही. दोन यहुदी गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनीच सांगितले की, त्या दोघांपैकी एकाला गोळी लागली होती, आणि हल्लेखोराजवळ तर बंदूक नव्हती. गोळी पोलिसांची होती. शिकून तयार झालेल्या, शुद्ध हेतूच्या हातांतून सुटलेली ती गोळी दारामागे उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला लागली. २०१९ साली, त्याच सणाच्या दिवशी, जर्मनीतील हाले गावीही बंद दारानेच आतली सुमारे पन्नास माणसे वाचविली होती. पण बाहेर, रस्त्यावर व एका उपाहारगृहात, दोन निरपराध माणसे मारली गेली. आपले वाडवडील या सणाला दारफळणीचा सण का म्हणत, याचा एक नवाच अर्थ त्या दिवशी आम्हांस लागला.

सभा पुन्हा भरली तेव्हा आम्ही आमचे मत सांगितले. लपविलेले शस्त्र घेऊन कोणी आपल्यात बसू नये. ज्या घोळक्यात म्हातारी माणसे व लेकरे खेटून बसली आहेत तेथे सुटलेली गोळी कोणाची ओळख ठेवीत नाही. रक्षक नेमायचाच असेल तर वकिलाला विचारून, लेखी ठराव करून, सर्वांना सांगून नेमावा. त्याची जागा दारावर. तो रक्षणाच्या वेळी प्रार्थना म्हणणार नाही, किद्दूशचा द्राक्षरस घेणार नाही, आणि मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी कारण न सांगता सुट्टी घेईल. त्याला कोणी भित्रा म्हणू नये. परवान्यासाठी येथे सोळा तासांचा वर्ग व दोन तासांचा नेमबाजीचा सराव पुरतो. आम्हांस त्या कपाटाची किल्ली मिळण्याआधी काही वर्षे शिकावे लागले होते. तेव्हा त्याने अधिक शिकावे. आणि बाकीच्यांनी एक माणूस नेमला म्हणजे सुटलो असे समजू नये. दार कसे लावायचे, मुलांना कोणत्या वाटेने काढायचे, वाहते रक्त दाबून व पट्टा आवळून कसे थांबवायचे, हे प्रत्येकाने शिकावे. रक्त थांबविण्याचे शिक्षण आम्ही स्वतः देऊ.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, पण मग माझी प्रार्थना? पप्पांच्या शेजारी बसून म्हणायची होती."

याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. कायदा, मिश्ना, कपाटाचे कुलूप, सगळ्यांचा विचार झाला होता. जो दारावर उभा राहील त्याच्यापासून आपण काय मागून घेत आहोत, याचा विचार झाला नव्हता. सर्वांच्या प्रार्थनेसाठी एकाने आपली प्रार्थना सोडावयाची. निदान ही किंमत सभेने मोठ्याने उच्चारावी, एवढे आम्ही सुचविले. ठराव संमत झाला. दारावर पाळी लावावी, आणि रक्षकाबरोबर शस्त्र नसलेल्या एका सभासदाने उभे राहावे, असेही ठरले.

हानुकाच्या शुक्रवारी पहिली पाळी भाच्याची होती. सोबतीला आम्ही होतो. बाहेर थंडी फार होती. आतून शाबाथच्या प्रार्थनेचा आवाज येत होता. तो ओठांतल्या ओठांत म्हणू लागला व लगेच थांबला, कारण रस्त्यावरून कोणी येत होते. ते आपल्यातीलच एक म्हातारे गृहस्थ निघाले, काठी टेकीत, उशिरा. त्याने दार उघडून त्यांना आत घेतले व पुन्हा लावून घेतले.

आमचा निर्णय चुकीचाही ठरू शकेल. तसा दिवस आला तर दोष कायद्यावर किंवा त्या पोरावर न ढकलता आम्ही सर्वांनी मिळून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे. वाचकांनीही आपापल्या मंडळात या विषयावर संकट येण्यापूर्वीच बोलावे, ही विनंती. परमेश्वर आपले जाणे व येणे राखो.