अंगण वाकडंच आहे, मग?

परवा बॅटरी उतरली होती. काल मेटल डिटेक्टर बिघडला होता. आज म्हणे, "सर, आमच्याकडची मातीच वाईट." नाचता येईना, अंगण वाकडं! बरं, तुझं अंगण खरोखरच वाकडं आहे. मग त्यावर नाचायला शिकायचं कुणी?

बारामती-इंदापूरची जमीन बेसाल्टच्या झिजेतून आली. पटत नसेल तर ओढ्याच्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरव. काळ्या कणांची दाढी लटकते. तो मॅग्नेटाइट. कॉइलला आधी तोच ऐकू येतो. त्यात नीरा डाव्या कालव्याखालची खारवट, चोपण रानं. ओली झाली की त्यांतून वीज वाहते, तो गोंगाट निराळाच. हे सगळं तुला तोंडपाठ आहे. मग सुप्याच्या मुरमाड माळावर सकाळी तिथल्या मातीशी जुळवलेला ग्राउंड बॅलन्स दुपारी सणसरच्या ओल्या उसात कसा चालेल? स्वच्छ जागा बघायची, कॉइल वर-खाली करायची, आवाज एकसारखा होईपर्यंत थांबायचं. मिनिटभराचं काम! तेवढा धीर नाही, आणि निघाला लोकांची हरवलेली मंगळसूत्रं शोधायला.

सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकाला कशाला? खोलवरचं दिसावं म्हणून? अरे, मातीचीच बडबड वाढते. खाली आण. कॉइल जमिनीला समांतर ठेव, प्रत्येक फेऱ्याला टोकाशी उचलू नकोस. शेजारी पंपाची मोटर धडधडतेय आणि तू यंत्राला शिव्या घालतोस! लोखंड नको म्हणून डिस्क्रिमिनेशन वाढवलंस. अशा मातीत खोलवरचं सोनंही लोखंडासारखंच वाचलं जातं, तेही गप्प झालं. हे कुणी सांगायचं राहिलं होतं का?

पडद्यावरचा आकडा ७० वरून १५ वर उडी मारतो आणि तू त्यातला सोयीचा तेवढा वाचतोस. मनात गुप्तधन असलं की असंच व्हायचं. ते सापडलं तरी १० रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, कायदा १८७८ चा आहे. तेव्हा स्वप्नं पुरे. उभं जा, मग आडवं जा. दोन्हीकडून आकडा टिकला तर खण. नाही टिकला तर चार बोटं माती काढून पुन्हा बघ. फाळाचा तुकडा निघाला तर निघू दे.

ढ असतास तर एवढा घसा कोरडा केला नसता. हात चांगला आहे तुझा, कानही तयार आहे. आळस तेवढा नडतो. उद्यापासून रान बदललं की आधी बॅलन्स, मग पुढचं पाऊल. जमत नसेल तर यंत्र माझ्याकडे आणून ठेव. ते शिकणारं दुसरं कुणीतरी मिळेल.