अकरा भोकांचा मालक

प्रत्येक इमारतीत एक घर असे असते, की ज्यात ड्रिल मशीन असते. बाकीच्यांकडे नुसत्या भिंती असतात. आमच्या इमारतीत ते घर तळमजल्यावरच्या अण्णांचे. अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपात चौतीस वर्षे फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. अण्णा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेले आणि रोटरी हॅमर घेऊन आले.

अण्णांकडे मशीन मागायला जाणे म्हणजे मुलीचे स्थळ घेऊन जाण्यासारखेच.

"काय लावायचंय?"

"घड्याळ."

"वजन किती? भिंत विटेची की काँक्रीटची? आतून वायर तर जात नाही ना?"

भिंतीच्या आत काय आहे हे मला कसे ठाऊक असणार? मी त्या घराचे फक्त हप्ते भरत होतो. शेवटी अण्णा म्हणायचे, "चला, मीच येतो." मशीन ते कुणाच्या हातात देत नसत, पण मशीनसकट स्वतः येत. डॉक्टर छाती ठोकून पाहतात तशी भिंत बोटाने ठोकून पाहत. पेन्सिलीने फुली मारत. खाली धूळ सांडू नये म्हणून जुन्या पोस्टकार्डाचा द्रोण करून चिकटवत. मग भोक, भोकात गिट्टी, गिट्टीत स्क्रू. अर्ध्या मिनिटाचे काम, पण पाऊण तास लागायचा आणि त्यात दोन वेळा चहा व्हायचा.

तीन भोकांपर्यंत ठीक चालले. चौथ्या वेळी मात्र जिना उतरताना माझा पाय अडखळला. म्हटले, आपण काय जन्मभर या माणसाचे मिंधे राहायचे? अण्णांनी मला कधी तसे भासवले होते का? मुळीच नाही. पण मिंधेपणाची गंमत अशी, की ज्याने उपकार केले तो विसरला तरी ज्याच्यावर झाले तो व्याजासकट हिशेब ठेवतो. मी ठरवले, स्वतःचे मशीन घ्यायचे.

डोंबिवलीहून लोकलने उभ्याउभ्या मशीद बंदर गाठले आणि नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने वर न बघता विचारले, "काम काय आहे?" ज्या प्रश्नाला कंटाळून मी इतक्या लांब आलो, तो माझ्या आधीच तिथे येऊन बसला होता.

मग त्याने काचेवर मशीनची रांग मांडली. एक साधे ड्रिल, म्हणजे नुसते गरगर फिरणारे. लाकूड आणि पत्रा यांच्यासाठी छान, पण भिंतीशी त्याचे पटत नाही. दुसरे इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि फिरता फिरता बिटाला ठोके बसतात. त्याच्या खोक्यावर छापले होते, मिनिटाला ४८,००० ठोके! मी हादरलोच. शेजारी रोटरी हॅमर होते, अण्णांच्या जातीचे. त्याचे ठोके जेमतेम चार-पाच हजार आणि किंमत मात्र चांगलीच जास्त. मी दुकानदाराकडे असे पाहिले, की जणू मी त्याची चोरी पकडली आहे.

त्याने शांतपणे समजावले, की ४८,००० हा आकडा गुणाकाराचा आहे. मिनिटाला ३,००० फेरे आणि चकतीला १६ दाते, करा हिशेब. प्रत्येक ठोका म्हणजे नुसती टिचकी. रोटरी हॅमरमध्ये सिलिंडरमधला दट्ट्या हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतला हातोडा बिटावर आपटते. ठोके थोडे, पण एकेक वजनदार. मला लगेच उमगले. आमच्या घरी आई दिवसभर बोलायची आणि वडील संध्याकाळी एकदाच. विटेवर आई पुरते. काँक्रीटला वडीलच लागतात.

बॅटरीवर चालणारी मशीनेही पाहिली. ती देखणी होती, पण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. एकदा एका घराण्यात बॅटरी दिली, की पुढे करवतही तिथलीच करायची आणि पॉलिश मशीनही तिथलेच. एवढी बांधिलकी मी फक्त लग्नात पत्करली आहे.

शेवटी १३ मिलिमीटर चकचे, ६०० वॅटचे इम्पॅक्ट ड्रिल घेतले, २,८०० रुपयांना. खरे सांगायचे तर ते मी वॅट पाहून घेतले नाही. हातात धरले, बोट चापावर गेले आणि छाती दोन इंच फुगली. ब्लॅक आणि डेकर या अमेरिकन जोडीला १९१७ साली ज्या ड्रिलचे पेटंट मिळाले, त्याची मूठ आणि चाप पिस्तुलावरून घेतलेले होते. त्या दोघांनी पुरुषजात ओळखली होती. त्याला स्वयंपाकघरात फळी लाव म्हटले तर तो पेपर वाचतो. हातात पिस्तूल दिले की भिंत शोधत फिरतो.

पुढच्या चार वर्षांत मी त्या मशीनने अकरा भोके पाडली. एकेक अर्ध्या मिनिटाचे धरले तर साडेपाच मिनिटे. भोकाला सुमारे २५५ रुपये पडले. हा हिशेब मी सौभाग्यवतींना अद्याप सांगितलेला नाही.

आणि मग गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेला मुलगा दारात उभा राहिला. "काका, तुमच्याकडे ड्रिल आहे ना? पडद्याचा रॉड लावायचाय."

माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, त्याचे कार्बन गेलेत."

कार्बन म्हणजे मोटरमध्ये घासत राहणारे दोन ठोकळे. ते झिजतात आणि मग बदलावे लागतात. माझे झिजले नव्हते. साडेपाच मिनिटांत काय झिजणार? मी मनाला समजावले, की हे काही खोटे नव्हे. कार्बन कधी ना कधी जाणारच आहेत. मी फक्त भविष्यकाळाऐवजी भूतकाळ वापरला. ही व्याकरणाची चूक, नीतीची नव्हे.

पण रात्री झोप येईना. मी नाही का म्हटले? पोरगा बिट मोडेल म्हणून? बिट काही फार महाग नसते. मी मशीन घेतले ते कुणाकडे मागायला लागू नये म्हणून. त्यामुळे आता लोक माझ्याकडे मागतील, हे हिशेबात धरलेच नव्हते. मालकी म्हणजे काय, तर 'नाही' म्हणायचा हक्क, अशी माझी समजूत. मग अण्णांपाशी तो हक्क माझ्या आधीपासून होता. त्यांनी तो एकदाही वापरला नाही, मग ते मालक कसले? की मी?

त्याच संध्याकाळी वरून धडधड ऐकू आली होती. आवाज ओळखीचा होता. वडिलांचा.

दुसऱ्या दिवशी रविवार. दारात अण्णा, हातात कागदाची पुडी. "तुमच्या मशीनचे कार्बन गेले म्हणे. माझ्याकडे एक जोडी पडून होती. साइज थोडा मोठा असेल, घासून बसवू."

मी मशीन आणून दिले. दुसरे काय करणार? अण्णांनी दोन्ही बाजूंची बुचे उघडली. आतून कार्बन बाहेर आले, जवळजवळ नवेकोरे. चौतीस वर्षे फिटर असलेल्या माणसाने ते उजेडात धरून पाहिले. मी पंख्याकडे पाहत होतो. मग त्यांनी तेच कार्बन फुंकर मारून परत बसवले, बुचे आवळली, चाप दाबला. मशीन गुरगुरले.

"झालं," अण्णा म्हणाले. "धूळ बसली होती. आता चालेल."

सौभाग्यवतींनी जुन्या सवयीने दोन चमचे साखर घालून चहा आणला. अण्णा कप हातात घेऊन हसले. "वहिनी, दोन वर्षं झाली, साखर बंद केलीय माझी." चार वर्षांत अण्णा आमच्या घरात बसलेच नव्हते, हे आम्हां दोघांना तेव्हा कळले.

बिनसाखरेचा दुसरा कप घेऊन ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "आणि त्या पोराचं मनाला लावून घेऊ नका. खिडकीवर काँक्रीटचं लिंटेल आहे. तुमच्या मशीननं ते झालंच नसतं."

म्हणजे मी नाकारली ती वस्तू त्याच्या कामाचीच नव्हती. मग नाकारण्याचे पाप लागते की नाही? या मुद्द्यावर मी दिवसभर विचार केला. संध्याकाळी मशीन पिशवीत घालून चौथ्या मजल्यावर गेलो. पडदे लागले होते, अगदी सरळ रेषेत. पोरगा म्हणाला, "या ना काका, बसा," आणि त्याची बायको चहा टाकायला आत गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो.