हुकमाची भाषा, गाण्याची भाषा

संपर्कभाषेच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो : ती कोणा एका जमातीची नसते, म्हणूनच ती सर्वांची होऊ शकते. या तटस्थतेचे मोल काय, हे काँगो नदीच्या खोऱ्यातील लिंगाला भाषेकडे पाहिले म्हणजे कळते.

बोबांगी ही मूळची नदीवरील व्यापाऱ्यांची भाषा. १८८० नंतर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचे अधिकारी आणि त्यांच्या पदरचे परप्रांतीय आफ्रिकी सैनिक ती मोडकीतोडकी बोलू लागले, आणि तिच्यातून ही नवी भाषा घडली. जिच्यात पूर्वी सौदे ठरत तिच्यात आता हुकूम सुटू लागले. १९०१ नंतर एजिद द बूक या कॅथलिक धर्मोपदेशकाला तिचे व्याकरण फारच दरिद्री वाटले, म्हणून त्याने आसपासच्या भाषांतून रूपे घेऊन ती 'सुधारली'. ही सुधारलेली लिंगाला प्रार्थनेत व पाठ्यपुस्तकांत राहिली. किन्शासाच्या रस्त्याने तिला फारसे जुमानले नाही. (व्याकरणकारांचा हा अनुभव तसा सार्वत्रिकच.)

वसाहतीच्या सैन्याची हीच भाषा मोबुटूच्या राजवटीत, १९६५ ते १९९७ या काळात, सैन्यात टिकून राहिली. स्वाहिली बोलणाऱ्या पूर्व काँगोत लिंगाला कानी पडणे म्हणजे शिपाई दारात येणे. आणि त्याच काळात फ्रँको हा गायक, जन्माने कोंगोभाषक प्रदेशातला, १९५६ साली स्थापन झालेल्या 'ओके जाझ' या वाद्यवृंदाबरोबर त्याच भाषेत प्रेमाची आणि फसवणुकीची गाणी गात होता. ती पूर्वेतही ऐकली जात.

भाषा निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा, असे म्हणून येथे सुटका करून घेता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्याला त्या शब्दांनी धाक घातला, त्याच्या भीतीला हे उत्तर अज्ञान ठरवते. परंतु भाषेच्या उगमावरून तिचा निवाडा करणेही तितकेच अन्यायाचे. कारण किन्शासातील लाखो मुलांची ती आज मातृभाषा आहे आणि त्यांनी कोणावर हुकूम चालवलेला नाही. तटस्थता हा भाषेचा गुण नसून बोलणारा व ऐकणारा यांच्यातील सत्तासंबंधाचे ते नाव आहे, आणि तो संबंध पालटू शकतो.

मे १९९७ मध्ये काबिलाचे सैनिक पूर्वेकडून किन्शासात शिरले तेव्हा त्यांच्यातील अनेकांच्या तोंडी स्वाहिली होती. राजधानीला बंदुकीची भाषा म्हणून आता ती ऐकू आली. पूर्वेकडच्या घरांतून मात्र आया त्याच भाषेत मुलांना हाक मारीत होत्या.