हाउल सुधारत नाही

कोझी फँटसीत जग बुडायचं नसतं. कुणाला चहाचं दुकान चालवायचं असतं, कुणाला पडकं घर सावरायचं असतं. अशा गोष्टीत खडूस पात्र सहज खपून जाईल असं वाटतं, पण इथेच ते अवघड. रणसंग्रामाच्या कथेत तिरसट माणसाला शेवटी हौतात्म्य दिलं की सगळे गुन्हे माफ होतात. इथे ती सोय नाही. वाचकाला त्याच्याबरोबर रोज एका चुलीपाशी बसायचं असतं.

मग दुसरी पळवाट निघते ती दुःखी बालपणाची. तिसऱ्या प्रकरणात आई वारली की वाचकाने पाझरायचं. मला हा प्रकार लबाडीचा वाटतो. त्याने कीव येते, माया लागत नाही.

डायना विन जोन्स यांनी १९८६ साली ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ लिहिली, तेव्हा ‘कोझी फँटसी’ या लेबलाचा बोलबाला नव्हता. त्यांचा जादूगार हाउल न्हाणीघरात तासन्‌तास नटतो, पोरींच्या मागे लागतो आणि राजाची कामगिरी आली की दडी मारतो. ती टाळायला तो शापाने म्हातारी झालेल्या सोफीला आपली आई म्हणून राजाकडे धाडतो, का, तर तिने त्याची यथेच्छ नालस्ती करावी. केसांचा रंग बिघडला, तर घरभर हिरवा चिकट लगदा पसरेपर्यंत आकांत!

तरी तो आवडतो. का, हे जोन्स सांगत बसत नाहीत, मायकेल दाखवतात. हा अनाथ पोरगा एकदा हाउलच्या उंबऱ्यावर येऊन झोपला. हाउलने त्याला कुशीत वगैरे घेतलं नाही, हाकललं मात्र नाही, आणि पोरगा राहून गेला. आता तोच मायकेल घरातले पैसे लपवून ठेवतो, नाहीतर हाउल ते कपड्यांवर उडवील. एवढ्यात माणूस कळतो. शिवाय सोफी काही सोशीक नाही. भोचक आहे, तोंडाची फटकळ आहे, उलट उत्तर देते. तिने मुकाट ऐकून घेतलं असतं, तर हाउल असह्य झाला असता.

कुणी म्हणेल, त्याचं हृदय कॅल्सिफर या अग्निपिशाच्चापाशी होतं, म्हणून तो तसा. पण हृदय परत मिळतं, लग्न होतं, मूलही होतं. आणि जोन्स यांच्याच २००८च्या ‘हाउस ऑफ मेनी वेज’ या कादंबरीत हाच बाप्या सोनेरी केसांचं, बोबडं पोर बनून सगळ्यांचं डोकं खातो. सोंगाची त्याला भलती मौज वाटते, आणि सोफी दातओठ खाते.