पाणी जमिनीचे की माणसाचे?

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी, धुळे व नाशिक जिल्ह्यांत, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीने रान भिजत आले आहे. नदीत बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या आणि उरलेले पाणी परत नदीकडे नेणारे सांडम अशी तिची रचना. पाणी उतारानेच चालते. त्याला उपसावे लागत नाही.

बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते. एका फडात एकच पीक, आणि ते सर्वांनी मिळून ठरवायचे. बहुतेक बागाईतदारांचे तुकडे प्रत्येक फडात थोडेथोडे असतात. त्यामुळे नदी आटली की एक अख्खा फड पडीक ठेवता येतो आणि तूट सगळ्यांच्याच वाट्याला येते. शेतात पाणी मालकाने सोडायचे नाही, ते काम पाटकऱ्याचे. त्याचा मेहनताना सुगीला धान्यात दिला जाई. पाटातला गाळ काढायला ज्याची जितकी जमीन तितके मनुष्यबळ त्याने द्यायचे. तूट वाटून घेण्याची ही रीत हाच फडाचा खरा न्याय. विपुलतेत वाटणी कुणालाही जमते.

नेदरलँड्समध्ये संकट उलटे, पाणी जास्त. समुद्रसपाटीखालची जमीन कोरडी ठेवायला पवनचक्क्या पाणी उपसून वर चढवत. किंडरडाइकला १७४० च्या सुमाराच्या १९ चक्क्या आजही उभ्या आहेत. बांध एका जागी फुटला तर सगळेच बुडतात, म्हणून तेराव्या शतकापासून तिथे बांधांची सामाईक निगा राखणारी जलमंडळे आहेत. त्यांत अधिकार दीर्घकाळ जमीनधारकांचाच राहिला; आज साध्या रहिवाशालाही मत आहे.

फडाचा न्यायही जुन्या जलमंडळांसारखाच जमीनधारकाशी, शेताच्या बांधापाशी थांबतो. पाण्याचा वाटा जमिनीमागे, म्हणून ज्याला जमीन नाही त्याला वाटा नाही. पाट साफ करणाऱ्या मजुरालाही नाही. नदी कुणी निर्माण केलेली नाही, मग तिच्यावर हक्क सातबाऱ्याने का ठरावा? या प्रश्नाला ठोस उत्तर १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायतीतून दिले. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, आणि ऊस लावायचा नाही. हक्काबरोबर भारही होता, कारण योजनेच्या खर्चाचा पाचवा भाग लाभधारकांनीच उचलायचा असे. फडाने तुटीची वाटणी करून दाखवली होती. ती कुणाकुणात व्हावी, याचे उत्तर नायगावने फडापेक्षा न्याय्य दिले.