बुडालेल्या दिवसांचा पंचनामा

महापूर ओसरला की गावात तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, कृषी सहायक येतो. किती भिंती पडल्या, किती गुंठे ऊस कुजला, म्हैस दावणीला मेली की वाहून गेली, सगळे लिहून घेतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. भिलवडी, ब्रह्मनाळ, अंकलखोप, हरिपूर, सगळीकडे पंचनामे झाले. शाळांचेही झाले, म्हणजे बाकांचे, कपाटांचे, भिंतींचे. पाचवीतल्या मुलीचे शाळेचे किती दिवस बुडाले, हे मात्र कोणी लिहून घेत नाही.

लिहून घ्यावे असे कोणाला वाटत नाही, कारण पट जागच्या जागी असतो. जूनमध्ये घातलेले नाव सप्टेंबरमध्येही तिथेच दिसते. खाली येते ती हजेरी, आणि तीही हळूहळू. घरातला गाळ काढायला मोठी मुलगी हाताशी लागते. आई-वडील मदतीच्या रांगेत, मग धाकट्याला कोण सांभाळणार? आठवड्यात दोन दिवस शाळा, चार दिवस घर. आपल्याकडे महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य धरतात. ही मुलगी सलग कधीच गैरहजर नसते, त्यामुळे ती कुठल्याच मोजणीत सापडत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिले आहेत. बुडालेले दिवस सुटीत शाळा भरवून शाळेला भरून काढता येतात. शाळेचा हिशेब जुळतो. मुलीचा जुळला का, हे विचारायला कोणी बांधील नाही.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. कोरोनामुळे तिथल्या लहान मुलांच्या शाळा मार्च २०२० पासून बंदच होत्या. वाचलेल्या माणसांना शाळांच्या खोल्यांत आसरा दिला गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला भरले, पहिली ते चौथीचे १ डिसेंबरला. त्या मुलांचे किती शिक्षण दरडीने नेले आणि किती साथीने, हे आता कोणालाही वेगळे काढता येणार नाही.

संकटात सर्वांत आधी शाळाच हाताशी येते. पक्की इमारत, मोठे पटांगण, हुकमाचे शिक्षक. शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे लावू नका, असे सांगणारा कायदाही जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांना सूट देतो. ही सूट मला अन्यायाची वाटत नाही. आक्षेप आहे तो शाळा परत देण्यातल्या ढिलाईला. मंगल कार्यालयाला पुढच्या लग्नाची तारीख असते, म्हणून ते वेळेत मोकळे होते. शाळेसाठी तशी तारीख कोण धरतो?

दुष्काळात तर एवढाही गाजावाजा होत नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्याच्या एका टोकाला होड्या चालत होत्या, तर दुसऱ्या टोकाला जतमध्ये पाण्याचे टँकर. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस दगा देतो, दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात आणि दुष्काळी गावचे मूल आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जाते. नाव गावच्या पटावर, मूल कोपीत. गावातच हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर ते आजीपाशी राहून शाळेत जाऊ शकते. पण ते टोळी निघण्याआधी सुरू व्हायला हवे. नंतर सुरू केलेले वसतिगृह कागदावरच शोभते.

वसतिगृहाचे हे मोल कर्मवीर भाऊराव पाटलांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली, आणि पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय हा शिक्षणाचाच भाग मानला. घरच्या अडचणीपायी पोराची शाळा सुटू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. रयतेची शंभरी भरली ती नेमकी २०१९च्या महापुरानंतर दोन महिन्यांनी.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यात असाल तर पुढच्या बैठकीत हजेरीपट मागून घ्या. जूनची हजेरी आणि पुरानंतरच्या महिन्याची हजेरी शेजारी ठेवा, नावानिशी. ज्यांचे दिवस निम्म्यावर आले असतील, त्यांच्या घरी शिक्षकाला एकट्याला धाडू नका, समितीतल्या एकाने बरोबर जा. आणि पुढच्या वेळी शाळा निवाऱ्याला देताना ती कोणत्या तारखेला मोकळी होणार, हे ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या.