नितळ पाणी

पाणी गाळायचं, फडक्याला अडकलेले जीव परत त्याच विहिरीत सोडायचे, ही आपल्या घरांतली जुनी शिस्त. पण जो जीव आपल्याला दिसतही नाही, शेकडो मैलांवर मरतो, त्याची हिंसा कुणाच्या खाती मांडायची?

1952 साली लंडनच्या विषारी धुक्यात हजारो माणसं दगावली. पुढे ब्रिटनमधल्या वीजकेंद्रांची धुराडी उंच उंच होत गेली. जवळची हवा सुधारली. पण कोळशातलं गंधक वाऱ्याबरोबर समुद्रापार गेलं, आम्लाचा पाऊस होऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत पडलं. मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात आलं, माशांचे कल्ले बुजले, अंडी फुटेनात. हजारो तळ्यांतले मासे संपले. पाणी मात्र काचेसारखं नितळ! बघणाऱ्याला वाटावं, केवढं शुद्ध.

मारायचा हेतू कुठे होता, असं कुणी म्हणेल. नव्हताच. पण आपल्याकडे प्रमाद, म्हणजे बेफिकिरीसुद्धा हिंसेतच धरतात. 1967 मध्ये स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी हे सगळं वर्तमानपत्रातून मांडलं, तरी ब्रिटन कितीतरी वर्षं पुरावेच मागत राहिलं. त्यानंतर मेलेला मासा, माझ्या मते, जाणूनबुजून मारलेला.

आणि करणाऱ्याबरोबर करवणारा, अनुमोदन देणाराही आलाच. देव्हाऱ्यातला दिवा तुपाचा, वरचा बल्ब बहुतेक कोळशाचा. धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रं आहेत, त्यांना साधी चुनखडी लागते. आपल्या देशात 2015 मध्ये तसा नियमही झाला, मग मुदती वाढत गेल्या. वीज महागेल म्हणतात. किती महागलेली चालेल, हे घरातल्या बाईला अजून कुणी विचारलेलं नाही.